‘निर्धास्त’चा वाक्यात उपयोग: कापलेला अर्धा गुण परत द्यावा का?

अंत्रुजची बाई · रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. माध्यम इंग्रजी, बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी, आणि मराठी आठवड्याच्या ठरावीक तासांपुरती. म्हणून ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मी कधी सोडत नाही. शब्दाचा अर्थ मुलं पाठ करतात. वाक्य करायला सांगितलं की शब्द त्यांच्या हाताला लागलाय की नाही ते लगेच कळतं.

यंदा आठवीच्या सहामाहीत मी ‘निर्धास्त’ दिला होता. बहुतेकांनी वहीतलंच वाक्य उतरवलं: ‘दाराला कुलूप लावून आम्ही निर्धास्त झोपलो.’ एका मुलाने मात्र स्वतःचं वाक्य केलं:

‘पाडेली माडावर निर्धास्त चढला.’

मी खाली लाल रेघ मारली, वर ‘आत्मविश्वासाने’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. पेपर वाटले तेव्हा तो टेबलापाशी आला. म्हणाला, “बाई, तो भीत नाही. मग निर्धास्तच ना?” मी सांगितलं, निर्धास्त राहतात, निर्धास्त झोपतात, निर्धास्त चढत नाहीत. ‘बरं’ म्हणून गेला. त्याला पटलेलं नव्हतं, आणि खरं तर मलाही माझं उत्तर पुरेसं वाटलं नाही.

काल शनिवारी आमच्याकडे पाडेली आला होता. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: माडावर चढून नारळ पाडणारा तो पाडेली. हल्ली मिळणं फार कठीण झालंय, किती आधीपासून निरोप धाडावे लागतात.) साठीच्या आसपासचा माणूस. त्याने पहिल्या माडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला, वर बघितलं, पुन्हा तळवा ठेवला. मग कमरेची कोयती मागे सरकवली आणि निघाला. एक पाय, दुसरा पाय, जरा थांबणं, पुन्हा एक पाय. घाई नाही, कुणाला दाखवणं नाही. शेंड्याला पोचल्यावर एक सुकं चुडत, म्हणजे झावळी, आधी ओढून बघितलं, खाली टाकलं, आणि मगच नारळाच्या घडाला हात घातला. त्याची बायको नारळ गोळा करायला बरोबर आली होती. ती विहिरीपाशी माडाकडे पाठ करून माझ्या सासूबाईंशी बोलत उभी होती. नवरा तेवढ्या उंचीवर, आणि ही एकदाही मान वळवत नव्हती. मनात आलं, निर्धास्त म्हणतात ते हेच.

आणि तिथेच अडकले. बायकोला निर्धास्त म्हणताना मला जराही विचार करावा लागला नाही. पण वर चढणाऱ्या त्या माणसाला काय म्हणायचं? पेपरात लिहिलेलं ‘आत्मविश्वासाने’ त्याला लावून बघितलं, तर ते बक्षीस समारंभातल्या भाषणासारखं ऐकू आलं. आमच्या घरात त्याच्याकडे बघून ‘काय आत्मविश्वास आहे!’ असं कुणी म्हणणार नाही. ‘बिनधास्त’ म्हणावं, तर तळवा ठेवून त्याने घेतलेला अंदाज खोटा पडतो. ‘बेधडक’ तर नाहीच नाही.

तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. निर्धास्त हा शब्द चढणे, बोलणे, चालवणे अशा क्रियापदांबरोबर चालतो का? आणि ज्याचा स्वतःवर शांत भरवसा आहे, जो गाजावाजा करत नाही आणि गडबडतही नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे कोणता शब्द आहे आणि तो वाक्यात कसा बसतो? उद्या वर्गात हा पेपर पुन्हा काढायचा आहे.

मुद्रितशोधक · रविवार, सकाळी ११:४०

बाई, तीस वर्षं मी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासली, तेव्हा आधी व्याकरणाचं बोलतो.

निर्धास्त हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: निर्धास्त मुलगा, निर्धास्त मुली, निर्धास्त मन. असणे, राहणे, बसणे, झोपणे अशी स्थिती सांगणारी क्रियापदं असली की नुसता ‘निर्धास्त’ शोभतो. हालचालीच्या क्रियापदांबरोबर ‘निर्धास्तपणे’ जास्त रुळलेलं आहे: निर्धास्तपणे वावरतो, निर्धास्तपणे गाडी चालवतो. पण ‘तू निर्धास्त जा’ असं आपण रोज म्हणतो, आणि जाणे ही हालचालच आहे. त्यामुळे ‘निर्धास्त चढला’ व्याकरणाने चूक नाही. मुलाला दिलेलं कारण टिकत नाही.

अर्थाचं वेगळं. धास्ती हा ‘दहशत’वरून मराठीत आलेला शब्द. त्याला संस्कृतातला निर् जोडून आपण निर्धास्त केला आणि बिन जोडून बिनधास्त. जोडणी सारखी, पण वापरात दोघं केव्हाच वेगळे झाले. बिनधास्त माणसाला लोक काय म्हणतील याची पर्वा नसते. निर्धास्त माणसाला काही वाईट घडेल अशी भीती नसते. आणि ती भीती बहुतेक वेळा बाहेरच्या कशामुळे तरी गेलेली असते. म्हणून मी एक कसोटी लावत असे. वाक्याला विचारायचं, ‘कुणाच्या भरवशावर?’ दाराला कुलूप आहे म्हणून निर्धास्त. थोरली बहीण घरी आहे म्हणून आई निर्धास्त. पैसे पोचल्याचा फोन आला आणि आम्ही निर्धास्त झालो. उत्तर बाहेर सापडलं तर शब्द चपखल बसलाय. उत्तर ‘स्वतःच्या’ असं आलं तर जरा थांबायचं. तुमच्या पाडेलीचं उत्तर काय येतं?

आणखी एक. निर्धास्त हा कौतुकाचा शब्द नाही आणि निंदेचाही नाही. ‘चोरटी रेती काढणारे रात्री निर्धास्तपणे होड्या लावतात’ हे वाक्यही शुद्ध आहे. धास्ती नाही, एवढंच तो सांगतो. ‘बिनदिक्कत’ आणि ‘राजरोस’ यांचं मात्र तसं राहिलं नाही, ते आता बहुतेक गैरकृत्यांनाच चिकटलेत. याचं मला वाईट वाटतं, कारण दिक्कत नसणं ही मुळात चांगली गोष्ट होती.

तिसवाडीकर · रविवार, दुपारी १२:०५

बाई, गुण द्या. अख्ख्या वर्गात एकाने डोळ्यांनी बघितलेलं वाक्य लिहिलं आणि नेमका त्याचाच गुण गेला. पुढच्या परीक्षेत तोही कुलूप लिहील.

अंत्रुजची बाई · रविवार, दुपारी १२:३०

तिसवाडीकर, तीच धास्ती मलाही आहे.

मुद्रितशोधक, ‘तू निर्धास्त जा’ हे वाचून मी पेपर पुन्हा समोर घेतला. दिवसातून दोनदा मी हे वाक्य म्हणते आणि तरी मुलाला उलट सांगून बसले. पाडेलीच्या भरवशाचं म्हणाल, तर ते मला बाहेरून कळण्यासारखं नाही. राहिलेल्या दोन माडांसाठी तो उद्या सकाळी येणार आहे, तेव्हा त्यालाच विचारते.

राजपार्टी · रविवार, दुपारी ३:३०

मी पेडण्याचा. दशावतारात काम करतो, राजाची कामं. आमच्यात त्या नटाला राजपार्टी म्हणतात, म्हणून इथे हेच नाव घेतलंय.

बाई विचारतात तो गुण आमच्याकडे रोज रात्री लागतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, कोणानंतर कोण येणार, एवढं पेटीवर बसून ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर तोंडाला येईल ते. समोरचा नट काय बोलेल ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुम्ही काय उत्तर द्याल ते तुम्हालाही माहीत नसतं.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका जत्रेत आमचे थोरले राजपार्टी दरबाराचा प्रवेश करत होते आणि बोलता बोलता त्यांच्या मुकुटाची नाडी तुटली. मुकुट कलला. समोर हजारभर माणूस. त्यांनी वाक्य तोडलं नाही. डावा हात वर नेऊन मुकुट धरला, वाक्य पुरं केलं, मग तो काढून मांडीवर घेतला आणि प्रधानाला म्हणाले, “प्रधानजी, आज हा मुकुट आमच्या शिरावर राहायला तयार नाही. राज्यात कुठे अन्याय झाला आहे काय, शोध घ्या.” प्रधानालाही धागा मिळाला. तो प्रवेश दहा मिनिटं वाढला आणि लोकांना वाटलं असाच बसवलेला आहे.

सकाळी मेकअप पुसताना आम्ही काय बोललो ते महत्त्वाचं. कुणी ‘आत्मविश्वास’ म्हणालं नाही. आमचा पेटीवाला म्हणाला, “जरा म्हणान गडबडलो नाय.” म्हणजे तो जरासुद्धा गडबडला नाही. बस एवढंच, आणि तेवढ्याने सगळं सांगून झालं.

मला वाटतं मराठीत हा गुण उलट बाजूने सांगायची रीत आहे. त्या माणसाचं काय झालं नाही ते सांगायचं. न गडबडता, न बिचकता, न कचरता, न डगमगता. आणि यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागी बसतो, एकाच्या जागी दुसरा घातला की बिघडतं. बिचकणं हे सुरुवातीचं असतं: नवा बैल जू बघून बिचकतो, लहान पोर अनोळखी माणूस बघून बिचकतं, पाऊल पुढे पडायच्या आधीच मागे येतं. कचरणं यात पुढचा परिणाम दिसत असतो, म्हणून ‘खरं बोलायला तो कचरला नाही’. गडबडणं मधेच होतं, हातातल्या कामाचा क्रम चुकतो. गांगरणं म्हणजे चारी बाजूंनी अंगावर आल्यावर काय करावं ते न सुचणं. डगमगायला आधी उभं असावं लागतं. बाहेरून रेटा येतो आणि माणूस पाय रोवून राहतो, तेव्हा ‘न डगमगता’. बावरणं सगळ्यांत कोवळं. पहिल्यांदा उजेडात आलेली पोर बावरते, आणि तिला कुणी दोष देत नाही.

आमच्या थोरल्यांना ‘न डगमगता’ म्हटलं तर ते लढाईवर गेल्यासारखं होईल. त्यांना ‘न गडबडता’ हेच. मुकुटाची युक्ती सुचली त्याला प्रसंगावधान म्हणा, ती वेगळी गोष्ट, आणि ती सुचली कारण ते गडबडले नव्हते. पाडेलीला मी ‘न बिचकता’ म्हणेन. माडावरचा पहिला पाय हाच अवघड असतो.

शब्दवेल्हाळ · रविवार, संध्याकाळी ५:१०

वा, राजपार्टी! हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

बाई, मी एक शब्द सुचवतो. ‘आश्वस्थ’. शांतही आहे आणि खात्रीही आहे, दोन्ही त्यात येतं. ‘पाडेली आश्वस्थपणे माडावर चढला.’ कसं वाटतं?

मुद्रितशोधक · रविवार, संध्याकाळी ६:००

शब्दवेल्हाळ, शब्द सुंदर आहे, पण इथे दोन ठिकाणी अडेल. आणि या शब्दावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शेवटचं अक्षर ‘त’ आहे, ‘थ’ नाही. श्वस् म्हणजे श्वास घेणं. श्वास, विश्वास, आश्वासन, विश्वस्त, आश्वस्त ही सगळी एका घरची माणसं. ‘थ’ येतो तो ‘स्वस्थ’मध्ये, कारण तिथे स्था धातू आहे: स्व-स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. कानाला दोन्ही जवळचे लागतात म्हणून लोक ‘आश्वस्थ’ आणि ‘विश्वस्थ’ लिहितात. देवस्थानांच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘विश्वस्थ मंडळ’ मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही.

दुसरं अर्थाचं. आश्वस्त म्हणजे ज्याचा अडकलेला श्वास मोकळा झाला तो. म्हणजे आधी तो अडकलेला असावा लागतो. गीतेचा अकरावा अध्याय आठवा. विश्वरूप बघून अर्जुन घाबरतो, श्रीकृष्ण पुन्हा सौम्य रूप घेतात, आणि ५०व्या श्लोकात शब्द येतात ‘आश्वासयामास च भीतमेनम्’. या भ्यालेल्याला त्यांनी धीर दिला. आधी भीत, नंतर आश्वस्त, हा क्रम सुटत नाही. म्हणून ‘डॉक्टरांशी बोलल्यावर आम्ही आश्वस्त झालो’ हे वाक्य बरोबर. पण ‘आमच्या विजयाबद्दल मी आश्वस्त आहे’ हे हिंदीच्या वळणाने आलेलं. मराठीत ‘मला खात्री आहे’. निवडणुकीच्या दिवसांत हे एक वाक्य मी रोज दुरुस्त करायचो आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यायचं.

तुमच्या सुचवण्यातून मला मात्र ‘स्वस्थ’ सापडला, त्याबद्दल आभार. हिंदीत तो निरोगी माणसाला लागतो. मराठीत आपण तो पोरांना दटावण्यात खर्च केला, ‘गप्प स्वस्थ बस’. त्याची खरी ताकद उरलीय ती ‘अस्वस्थ’मध्ये, अस्वस्थ म्हटलं की कुणालाही आजार आठवत नाही, मनाची जागा सुटलेली आठवते. मग ज्याची सुटलेली नाही तो स्वस्थ. ‘स्वस्थचित्ताने’ अजून लिहितात. ‘पाडेली स्वस्थचित्ताने चढत होता’ हे मी न खोडता पुढे जाऊ दिलं असतं.

शब्दवेल्हाळ · रविवार, संध्याकाळी ६:२०

हा ‘थ’ मी कॉलेजपासून लिहीत आलोय. आजपासून बंद. श्वासाचं लक्षात राहील, मनापासून आभार.

चोडणची फेरी · रविवार, रात्री ८:१०

आपल्या गोव्यात बसून ही चर्चा आणि ‘सुशेगाद’ कुणी काढला नाही, म्हणून मी काढते.

शब्द पोर्तुगीजमधून आला, ‘सोसेगादु’, म्हणजे निवांत, शांत झालेला. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळशी करून टाकलाय, त्याचा मला खरोखर राग येतो. आमच्या घरात तो आळसासाठी कधी वापरला गेला नाही. आजी पाहुण्याला वाढताना म्हणायची ‘सुशेगाद जेव’, म्हणजे तुझ्यामागे कुणी लागलेलं नाही, पोटभर जेव. तापातून उठलेल्या माणसाला रात्री चांगली झोप लागली की सकाळी म्हणायची, ‘आतां सुशेगाद जालो.’

पण बाईंच्या वाक्यात तो चालणार नाही, हेही मीच सांगते. सुशेगाद हा काम उरकल्यानंतरचा शब्द आहे. मी चोडण ते रायबंदर रोज फेरीबोटीने येते. बोट धक्क्याला लावताना ओहोटीचं पाणी ओढत असतं, स्कूटरवाले आधीच इंजिन चालू करून बसलेले असतात, आणि चालवणारा माणूस बोटीचं तोंड सावकाश, अगदी सावकाश वळवत आणतो. त्या वेळी तो शांत असतो पण सुशेगाद नसतो. दोर बांधून झाला, गाड्या उतरल्या, त्याने केबिनमधला चहा घेतला, की सुशेगाद. तुमचा पाडेलीही खाली येऊन पाणी प्यायल्यावर सुशेगाद झाला असेल.

ठाय लय · रविवार, रात्री ९:००

गाण्यातलं एक सांगतो आणि थांबतो. आमच्यात याला ठहराव म्हणतात. ज्याला समेची जागा पक्की ठाऊक आहे तो समेकडे धावत नाही.

गायिका केसरबाई केरकर मूळच्या बाईंच्याच अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची. घड्याळ लावून ऐका. एवढ्या थोड्या वेळात कितीतरी गाऊन घ्यावं असं कुणालाही वाटेल, पण त्यांचा एकही सूर घाईत लागलेला नाही. त्याला मी आत्मविश्वास म्हणणार नाही. ‘ठहरावाने गायल्या’ म्हणेन. माडावर चढणाऱ्याला मात्र हा शब्द चालायचा नाही, तो आमच्या मैफलीतच राहू दे.

कौमुदी · रविवार, रात्री १०:२५

‘धीर’ राहिला की!

कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात, ५९व्या श्लोकात, कालिदासाने धीर माणसाची व्याख्याच दिली आहे: ‘विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः’. मन ढळावं असं कारण समोर असूनही ज्यांचं ढळत नाही, तेच धीर. म्हणजे दार लावून शांत बसलेला धीर ठरत नाही. कारण समोर हवं. बाईंच्या पाडेलीच्या समोर तर ते पायाखालीच होतं.

अडचण अशी की संस्कृतात धीर हे माणसाचं विशेषण, आणि मराठीत ते नाम झालं. आपण धीर धरतो, देतो, आपला धीर सुटतो, खचतो. विशेषण करायचं तर ‘धीराचा’ लागतं: धीराची बाई, धीराचा गडी. आणि ‘धीराने’ म्हटलं की त्यात सोसणं येतं. ‘तिने सगळं धीराने घेतलं’ म्हटलं तर ऐकणारा विचारतो, काय झालं? त्यामुळे ‘पाडेली धीराने चढला’ लिहिलं तर तो आधी भ्याला होता असं वाटेल. ‘पाडेली धीराचा माणूस होता’ हे मात्र सरळ आहे. माणसाला लावा, क्रियेला लावू नका.

(‘धीट’चा याच्याशी संबंध नाही. तो धृष्टवरून आला, म्हणून धीट पोराचं कौतुक करताना आपण किंचित हसतो.)

मुद्रितशोधक · रविवार, रात्री १०:५०

कौमुदी, ‘माणसाला लावा, क्रियेला लावू नका’ हे आत्मविश्वासाच्या बाबतीत मात्र उलटं आहे, त्याचं माणसासाठी विशेषण करू नये. ‘तो खूप आत्मविश्वासू आहे’ असं हल्ली सर्रास लिहितात. मला ते कानाला खडखडतं. ‘त्याला आत्मविश्वास आहे’, ‘तिच्या बोलण्यात आत्मविश्वास होता’, ‘तो आत्मविश्वासाने बोलला’, एवढं असताना नवं विशेषण कशाला? आणि ‘आत्मविश्वासी’ तर मराठी नाहीच.

अंत्रुजची बाई · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, काल एका दिवसात बरंच घडलं, सगळं लिहिते.

सकाळी सातला पाडेली आला. रात्री पावसाची एक सर पडून गेली होती. त्याने माडावर तळवा ठेवला, पुन्हा ठेवला आणि सोप्यावर येऊन बसला. ऊन येऊ दे म्हणाला. मी चहा दिला आणि विचारलं, तुम्हाला वर चढताना भीती अजिबात वाटत नाही का? तो म्हणाला, “भंय आसताच बाई. माड ओलो आसल्यार हांव चडना.” भीती असतेच, माड ओला असला तर मी चढत नाही. शनिवारी तो तळवा ठेवून काय बघत होता ते तेव्हा कळलं. ओल बघत होता. सुकं चुडत ओढून बघितलं तेही त्यासाठीच: ज्याला धरायचं ते तुटणार नाही ना, एवढी खात्री करून घेत होता.

म्हणजे धास्ती आहे. मग तो निर्धास्त नाही. मुलाचा शब्द चुकला होता, पण मी सांगितलेल्या कारणाने चुकला नव्हता.

वर्गात मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझी चूक आधी. फळ्यावर राजपार्टींचे शब्द लिहिले आणि बिचकणं आणि डगमगणं करून दाखवायला सांगितलं. मुलांनी ते इतकं नेमकं केलं की मला काही समजवावंच लागलं नाही. बिचकणाऱ्याने पाऊल मागे घेतलं, डगमगणारा जागच्या जागी हलला. मग त्या मुलाला विचारलं, आता तुझं वाक्य काय? त्याने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं:

‘माड सुका आहे हे बघून पाडेली न बिचकता चढला.’

वर्गातली एक मुलगी म्हणाली, “पण बाई, मग निर्धास्त कोण?” मी शनिवारची बायको सांगणार होते, माडाकडे पाठ करून उभी असलेली. पण सोमवारी सकाळी मी तिलाही म्हटलं होतं, तुम्ही किती निर्धास्त असता, एकदाही वर बघत नाही. ती खाली वाकून नारळ वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हाका पळोवंक जायना.” मला बघवत नाही. छत्तीस वर्षं तो चढतोय, आणि तिला अजून बघवत नाही.

हे मी वर्गात सांगितलं. मुलं गप्प झाली. तास संपताना तोच मुलगा टेबलापाशी आला, आणि म्हणाला, बाई, अजून एक वाक्य झालं.

‘पाडेली खाली उतरला तेव्हा त्याची बायको निर्धास्त झाली.’

मुद्रितशोधक · मंगळवार, रात्री ८:०५

दोनदा वाचलं. दुरुस्ती नाही.

तिसवाडीकर · मंगळवार, रात्री ८:२०

आणि गुण?

अंत्रुजची बाई · मंगळवार, रात्री ८:४५

दिला. लाल रेघ पुसता येत नाही, म्हणून तिच्या शेजारच्या समासात ते दुसरं वाक्य त्याच्याच अक्षरात लिहवून घेतलं आणि खाली सही केली.